टॉवेलखालची व्हायवा

एच.ओ.डी. मॅडमनी माझा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडून माझ्यासमोर सरकवला.

"हे काय आहे?"

"माझा प्रोजेक्ट."

"तुमचा नाही, म्हणून तर बोलावलंय."

निम्म्याहून जास्त पानं लाल होती. बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजात प्रत्येकाला एक प्रोजेक्ट लिहावा लागतो. तो लायब्ररीतल्या एका सॉफ्टवेअरमधून जातो. आधी कुठं छापून आलेल्या मजकुराशी जुळणारी वाक्यं ते सॉफ्टवेअर लाल करतं आणि बाजूला लिहितं, ही कुठून उचलली. माझ्या प्रत्येक लाल वाक्याच्या बाजूला एकच नाव होतं. प्रा. निलजकर. आणि हे निलजकर सर मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसून मोबाईल चाळत होते.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. धंद्यानं बैलांचा दलाल. निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या बाजारांत वीस वर्षं मी घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये उभा राहिलो. वडलांकडून मला ना जनावर मिळालं, ना गोठा. मिळाली ती जीभ, आणि तिच्यावर घर बांधलं. पण गावोगावी ट्रॅक्टर आले आणि बाजारातले बैल दरवर्षी कमी होत गेले. पशुखाद्याच्या एका कंपनीला आमच्या भागात फिरून शेतकऱ्यांशी बोलणारा ऑफिसर हवा होता. माणूस त्यांना मीच हवा होता, तसं त्यांनी तोंडानं सांगितलं. पण अट पदवीची. मी बाहेरून पीयूसी, म्हणजे बारावी केली आणि रीतसर कॉलेजात जाऊन बसलो, माझ्या पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर. कंपनीनं एवढी वर्षं वाट बघितली. आता शेवटचं सेमिस्टर होतं आणि त्यांचा निरोप आला होता, जुलैअखेर मार्क्स कार्ड दाखवा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो.

प्रोजेक्ट नापास म्हणजे सेमिस्टर परत. म्हणजे पुढचं वर्ष. म्हणजे नोकरी गेली.

"मॅडम," मी म्हणालो, "हे सगळं मी लिहिलंय. रात्री डिक्शनरी घेऊन लिहिलंय."

"मग सरांच्या पेपरमध्ये हीच वाक्यं दीड वर्षापूर्वी कशी छापून आली?"

त्यांनी मला सरांचा पेपर दिला. पेपर म्हणजे संशोधनाचा लेख. प्राध्यापकांना बढतीसाठी असे लेख छापावे लागतात. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला माझं डोकं तापलं. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं, 'बैलाला स्वतःचा भाव माहीत नसतो, म्हणून त्याच्यासमोर सगळे सभ्यपणे वागतात.'

हे वाक्य माझं. पहिल्या सेमिस्टरला निलजकर सर आम्हाला बिझनेस कम्युनिकेशन शिकवायचे. त्यांनी असाइनमेंट दिली होती, 'आपल्या परिसरातल्या एखाद्या व्यवसायाची माहिती लिहा.' बाकीच्या मुलांनी दोन-दोन पानं लिहिली. मी बावीस लिहिली, इंग्रजीत, एकेक वाक्य पाठ होईपर्यंत घोटून. बैलबाजारात भाव कसा ठरतो, ते सगळं. सरांनी ती वही डोळे मोठे करून वाचली होती आणि म्हणाले होते, "अण्णा, लई छान. माझ्याकडंच राहू द्या." मला बरं वाटलं. तीन महिने मी ते घरी, बाजारात, चहाच्या गाड्यावर सांगत फिरलो.

"सर," मी त्यांच्याकडं वळलो, "माझी असाइनमेंटची वही कुठाय?"

"कुठली वही?"

"पहिल्या सेमिस्टरची. बावीस पानांची."

"अण्णा, असाइनमेंट वर्षभर ठेवतात. नंतर रद्दीत जातात. नियम आहे तसा."

"आणि त्यातला मजकूर तुमच्या पेपरात जातो. तोही नियमच व्हय?"

"तुम्ही लिहिली ती असाइनमेंट होती," सर शांतपणे म्हणाले. "मी लिहिला तो रिसर्च आहे."

मी टेबलावर हात आपटला. पेनस्टँड आडवा झाला.

"आवाज खाली!" मॅडम म्हणाल्या. "हा बैलबाजार नाही."

"बैलबाजारात असली चोरी चालत न्हाय, मॅडम. तिथं दुसऱ्याच्या दावणीचं जनावर सोडून आणलं तर हातपाय मोडतात."

"मला धमकी देताय?"

"न्हाय. बाजाराचा नियम सांगतोय."

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांच्यासमोर एक छापील कागद होता आणि एक तापलेला माणूस होता. कागदावर विश्वास ठेवणं सोपं असतं. त्या म्हणाल्या, परवा व्हायवाला बाहेरच्या परीक्षक येतायत, त्यांच्यासमोर बोला. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. त्यांनी कॉपी ठरवली, की विषय संपला.

बाहेर आलो तर माझ्या वर्गातली दहा-बारा मुलं उभी होती. त्यांचे सगळ्यांचे रिपोर्ट सॉफ्टवेअरमधून पांढरेशुभ्र बाहेर आले होते. हे सगळे रिपोर्ट कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. दुकानदार जुना प्रोजेक्ट घेतो, शब्द इकडचे तिकडं करतो, कव्हरवर नवीन नाव टाकतो. सॉफ्टवेअरला काय आवडतं ते त्याला पाठ झालंय.

"अण्णा," त्यातली एक पोरगी कळवळून म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं स्वतः लिहायला?"

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला. कारण ती चेष्टा करत नव्हती.

दोन दिवस मी सरांचा पेपर वाचत बसलो. मला इंग्रजी भराभर वाचता येत नाही. प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचतो. आणि चौथ्या पानावर बोट थांबलं.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा हातात हात घालतात आणि वरून टॉवेल टाकतात. आत बोटांनी बोलणं चालतं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. सहा सांगायचे तर पंजा आणि मग एक बोट. आधी दहा हजारांची बोटं, मग हजारांची. बाजूला वीस माणसं उभी असली तरी आतला आकडा दोघांनाच कळतो. बाजार समितीच्या नियमात हे बसत नाही, पण चालतं. घेणारा चिकोडीचा कन्नड बोलणारा असो की कडोलीचा मराठी बोलणारा, टॉवेलखाली भाषेचा वाद होत नाही.

आता मुद्दा. अर्धा सांगायचा, म्हणजे पाचशे, तर बोटाचं मधलं पेर दाबतात. आणि अंगठा दाबला की त्याचा अर्थ, जमत नाही, सौदा मोडला. हात सोडायचा.

सरांच्या पेपरात लिहिलं होतं, अर्धा सांगण्यासाठी अंगठा दाबतात.

हे खोटं होतं. आणि हे खोटं मी लिहिलं होतं.

पहिल्या सेमिस्टरला ती असाइनमेंट लिहिताना मी सगळं खरं लिहिलं, पण एक खूण मुद्दाम बदलली. धंद्यातली सवय. परक्या माणसाला सगळ्या खुणा देत नाहीत. एक चुकीची द्यायची. म्हणजे तो कुणाच्या टॉवेलखाली हात घालायला गेला तर लगेच उघडा पडतो. हे मला माझ्या पहिल्या मालकानं शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी तीच पाठ वाक्यं परत लिहिली, खूण मात्र खरी लिहिली. पदवी माझ्या नावावर येणार होती. तिच्याखाली खोटं ठेवायला नको वाटलं.

त्या चौथ्या पानाला मी हळदकुंकू लावायचंच बाकी ठेवलं.

व्हायवाच्या दिवशी मी खांद्यावर टॉवेल टाकून गेलो. बाहेरच्या परीक्षक मॅडम धारवाडकडच्या होत्या. वयस्कर, बारीक चष्मा, मराठी तोडकं बोलणाऱ्या, पण नीट समजणाऱ्या. एका बाजूला आमच्या मॅडम, दुसऱ्या बाजूला निलजकर सर. सर त्या वर्षी प्रोजेक्टचे को-ऑर्डिनेटरही होते. म्हणजे ज्याच्यावर माझी तक्रार, तोच पंगतीत वाढायला.

"हे सरांचा पेपर बघून लिहिलं का?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

"न्हाय मॅडम. सरांनी माझी वही बघून लिहिलं."

"पुरावा?"

"वही रद्दीत गेली म्हणतात. पण चौथं पान बघा."

मी दोन्ही खुणा सांगितल्या. पेपरातली आणि माझ्या रिपोर्टातली.

"मॅडम, मी कॉपी केली असती तर माझ्याही रिपोर्टात अंगठाच आला असता."

परीक्षक मॅडमनी चष्मा वर केला. पण निलजकर सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"यात काय सिद्ध झालं?" ते हसत म्हणाले. "अण्णा धंद्यातले आहेत. कॉपी करताना माझी चूक दिसली, ती त्यांनी सुधारली. आणि चूक माझीच कशावरून? वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या खुणा असतील."

खरं सांगतो, वीस वर्षांत समोरच्यानं माझा भाव असा एका झटक्यात पाडला नव्हता.

परीक्षक मॅडमनी दाराकडं बघितलं. तिथं शिपाई भरमाण्णा चहाचे कप घेऊन उभा होता. भरमाण्णा बेळगुंदीचा. सकाळी शेत, दिवसा कॉलेज.

"तुमच्याकडं बैल आहेत?" मॅडमनी त्याला विचारलं.

"हायत की मॅडम. एक जोडी."

"कुणी घेतली?"

"म्याच. दुसरं कोण घेनार?"

"टॉवेलखाली हात घातला होता?"

भरमाण्णानं आधी आमच्या मॅडमकडं, मग सरांकडं बघितलं. नियमाबाहेरचं काही केल्याबद्दल आपल्याला धरतायत असं त्याला वाटलं असणार. "तसं... समदेच घालत्यात," तो चाचरत म्हणाला.

मॅडमनी कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि फक्त मला दाखवला. बहात्तर हजार पाचशे. मी खांद्यावरचा टॉवेल काढला. भरमाण्णानं कप खाली ठेवले, हात शर्टला पुसला आणि पुढं केला. मी टॉवेल टाकला. पंजा आणि दोन बोटं. मग दोन बोटं. मग मधलं पेर.

"साडेबहात्तर," भरमाण्णा म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "कुठल्या जोडीचं सांगतायसा हे? लई हुतंय."

परीक्षक मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्यांनी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली.

"आता सर," त्या निलजकर सरांना म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुमच्या पेपरात आहे तसं."

"मॅडम, मी थिअरीचा माणूस..."

"पेपरात लिहिलंय, तीन वर्षं बाजारात प्रत्यक्ष निरीक्षण केलं. मग येत असेल की."

सरांना उठावं लागलं. मॅडमनी दुसरा आकडा लिहून त्यांना दाखवला. टॉवेलखाली त्यांचा हात जाताना भरमाण्णाच संकोचून गेला होता. रोज चहा देणाऱ्या माणसाच्या हातात साहेबांचा हात. आत काही हालचाल झाली. भरमाण्णा मान डोलावत होता. "सा... आट..." आणि एकदम त्यानं हात बाहेर ओढला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"सरांनीच मोडला की सौदा," भरमाण्णा म्हणाला. "येवढ्या लौकर? आजून म्या काय बोललोबी न्हाय!"

चिठ्ठीवर होतं, साडेअडुसष्ट हजार.

"माझं काय चुकलं का सर?" भरमाण्णानं घाबरून विचारलं. तो कप उचलून बाहेर गेला.

"बाजार वेगळा, खूण वेगळी, असं तुम्ही म्हणालात," परीक्षक मॅडम सरांना म्हणाल्या. "मग अंगठ्याची खूण कुठल्या बाजारात बघितली?"

"एका माहितगारानं सांगितली होती."

"कुणी?"

"संशोधनात माहितगाराचं नाव गोपनीय ठेवतात, मॅडम."

मी उभा राहिलो. "मॅडम, ते गोपनीय मीच. आन ती खूण खोटी हाय. निपाणीपासून खानापूरपर्यंत एकाबी बाजारात ती चालत न्हाय. ती फक्त एका वहीत हुती. माझ्या."

मग मी तेही सांगितलं, खूण का बदलली होती. आमच्या मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही असाइनमेंटमध्ये खोटं लिहिलं."

"व्हय मॅडम."

"त्याला मार्क किती मिळाले होते?"

"दहापैकी नऊ."

"हौदा?" त्या म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये 'असं का?', आणि खाली मान घालून काहीतरी लिहायला लागल्या.

मला वाटलं, जिंकलो. मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं आत बोलावलं, तेव्हा परीक्षक मॅडम निघून गेल्या होत्या आणि आमच्या मॅडम एकट्याच होत्या.

"तुम्हाला पास करायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "फक्त एक. रिपोर्टच्या शेवटी संदर्भांची यादी असते. तिच्यात सरांच्या पेपरचं नाव टाका. म्हणजे मजकूर जुळतो त्याचं कारण कागदावर राहील."

"म्हणजे मी त्यांच्यावरून घेतलं असं माझ्याच हातानं लिहू?"

"तसा अर्थ होत नाही."

"मग कसा हुतो?"

मॅडमनी रिपोर्ट मिटून माझ्याकडं सरकवला.

"आणि सरांचं काय करणार?"

"तो वेगळा विषय आहे. त्यासाठी लेखी तक्रार करावी लागेल. समिती बसेल. तिला वेळ लागतो. तोपर्यंत तुमचा निकाल राखून ठेवावा लागेल."

जुलै माझ्या डोळ्यासमोर आला. समोरच्यालाही माझी अडचण माहीत आहे, हे मला कळलं. बाजारात हे ज्याला कळतं तोच भाव पाडतो. मी वीस वर्षं हेच केलं होतं. या वेळी टॉवेलच्या दुसऱ्या बाजूला होतो.

"मॅडम, मी नाव टाकतो. पण त्याच्याखाली एक ओळ माझी."

"कसली ओळ?"

"'या लेखातली अर्ध्याची खूण चुकीची आहे.' एवढीच."

"असं संदर्भयादीत कुणी लिहीत नाही."

"दुसऱ्याची वहीबी कुणी छापत न्हाय, मॅडम."

त्यांनी नको म्हटलं. मी म्हणालो, मग यादीच्या शेवटच्या पानावर नको, आत तळटीप करतो. त्या म्हणाल्या, बारीक अक्षरात. मी म्हणालो, बारीक चालेल, पण वाचता आली पाहिजे. पंधरा मिनिटं गेली. शेवटी ओळ बसली, चौतिसाव्या पानावर, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. आयुष्यात एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढा मोठा सौदा मी केला नव्हता.

प्रोजेक्टला पन्नासपैकी अठ्ठावीस पडले. ज्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून घेतला, त्यांना चाळिसाच्या वर. मार्क्स कार्ड जुलैच्या आत मिळालं, नोकरी मिळाली. आता कंपनीचा शर्ट घालून गावोगाव फिरतो. लेखी तक्रारही दिली आहे. समिती अजून बसायची आहे. निलजकर सर त्याच पेपरच्या जोरावर असोसिएट प्रोफेसर झाले. लोक म्हणतात, अण्णा, तुमचं काम झालं ना, आता सोडा. सोडणार नाही. माझी बावीस पानं होती ती. कुणाला ती रद्दी वाटली असतील, पण रद्दीवर कुणाची बढती होत नाही.

मागच्या बेंदराआधी, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याआधी, सवयीनं निपाणीच्या बाजारात गेलो होतो. एक मुलगी भेटली, कुठल्याशा युनिव्हर्सिटीत एम.कॉम. करणारी. हातात निलजकर सरांच्या पेपरचा प्रिंटआउट. टॉवेलखालची पद्धत बघायला आली होती. एका शेतकऱ्याच्या हातात हात घालून तिनं हौसेनं अंगठा दाबला. त्यानं हात सोडला आणि पाठ फिरवून गेला. ती गोंधळून उभी.

"आक्का, काय झालं त्यांना?" तिनं शेजारच्या चहावालीला विचारलं.

चहावालीनं माझ्याकडं बोट केलं. "त्यास्नी इचार. समदं त्यांचंच हाय."

मी तिला सगळ्या खुणा दाखवल्या. खऱ्या. पण त्याआधी तिची वही मागून घेतली. पहिल्या पानावर माझं नाव, गाव आणि तारीख लिहिली, खाली तिची सही घेतली आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला.

मग टॉवेल टाकला.